नानीची खरपुडी

पावसाळा सुरू झाला की आमच्या शाळेत दोन गोष्टी हटकून होतात. वरच्या मजल्यावरचं छप्पर गळू लागतं आणि आठवीच्या मुलांना 'वनस्पती संग्रह' करायला सांगितलं जातं. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे या दुसऱ्या गोष्टीशी आमचा काही संबंध नसायला हवा. पण लहान शाळेत कुणाचा तास कुणाच्या गळ्यात पडेल सांगता येत नाही. सात वर्षांपूर्वी विज्ञानाची जागा रिकामी होती, तेव्हा त्या वह्या तपासायचं काम आमच्याकडे आलं.

वह्या कशा असतात हे ज्या आयांनी रात्री बसून मुलांसाठी पानं चिकटवली आहेत त्यांना सांगायला नको. जास्वंद, कडुनिंब, सदाफुली, गुलमोहर. सगळं सेलोटेपने डकवलेलं, खाली काळं पडलेलं. त्या ढिगात एका मुलीची वही वेगळी होती. एका पानावर काडीसारखा बारीक दांडा, त्याला अरुंद पानं, एक चुरगळून तपकिरी झालेलं फूल, आणि अगदी खाली छोट्या बटाट्यासारख्या कंदाची वाळलेली चकती. शेजारी सुरेख अक्षरात लिहिलेलं: 'खरपुडी. नानीच्या गावाकडे याचा कंद कच्चा खातात.' आम्ही दहापैकी दहा गुण दिले. खरं सांगायचं तर अक्षराला दिले.

गेल्या वर्षी मार्चमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक ओळखीचे प्राध्यापक बक्षीस समारंभाला शाळेत आले होते. चहा येईपर्यंत कपाटातल्या जुन्या वह्या चाळत बसले आणि त्या पानावर थांबले. त्यांनी तीन प्रश्न विचारले. हे कुठून उपटलं? कोणत्या महिन्यात? सपाटीवर होतं की उतारावर? तिन्हींपैकी एकाचंही उत्तर वहीत नव्हतं. सर रागावले नाहीत. "पत्ता नसलेलं पत्र आहे हे," एवढंच म्हणाले आणि वही मिटून ठेवली.

त्या एका वाक्याने आम्हाला कामाला लावलं. त्यानंतर वर्षभरात जे वाचलं, विचारलं, पाहिलं, ते आज सांगतो.

खरपुडी म्हणजे एकच झाड नव्हे. शास्त्रज्ञ ज्याला सेरोपेजिया म्हणतात त्या कुळातल्या कितीतरी जातींना आपल्याकडे खरपुडी, खर्चुडी, कंदीलफूल अशा नावांनी ओळखतात. सेरोपेजिया हे नाव लिनियसने 1753 मध्ये दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मेणाचं कारंजं असा होतो. फूल पाहिलं की हे नाव का दिलं ते समजतं. खाली फुगीर पेला, वर उभी नळी, आणि टोकाला पाच पाकळ्या जुळून झालेला कंदिलासारखा पिंजरा. भारतात या कुळाच्या पन्नासहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जगात दुसरीकडे कुठेही उगवत नाहीत. काही तर एखाद्या तालुक्यातल्या दोन-चार डोंगरांपलीकडे सापडत नाहीत. सह्याद्री हे यांचं खरं वतन.

त्या फुलाचा कारभारही ऐकण्यासारखा आहे. वासाने ओढली गेलेली बारीक माशी नळीत शिरते. नळीच्या आत खाली झुकलेले केस असतात. आत जाताना ते वाट देतात, परत फिरताना अडवतात. माशी तळाच्या पेल्यात कैद होते. तिथे धडपडताना परागकणांची बारीक पिशवी तिच्या अंगाला चिकटते. मग फूल कोमेजू लागतं, केस सैल पडतात आणि माशी सुटते. पुढच्या फुलात शिरून पुन्हा फसते. आठवीच्या वर्गात आम्ही हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "तिला अक्कल येत नाही का?" बिया मात्र आपल्या ओळखीच्या. रुईच्या शेंगेतून उडणारी म्हातारी आपण लहानपणी फुंकली आहे. खरपुडीच्या बीलाही तसाच रेशमी झुबका असतो, कारण ती रुईचीच नातलग.

नात्यावरून आठवलं. आम्ही शाळेत होतो तेव्हा पुस्तकात रुईचं घराणं वेगळं आणि कण्हेर-सदाफुलीचं वेगळं होतं. आता झाडांच्या पेशींतला डीएनए तपासता येतो, आणि 1998 पासून जी नवी मांडणी रूढ झाली तिच्यात ही दोन्ही घराणी एकाच छताखाली आली आहेत. भाषेच्या शिक्षकाला यात नवल वाटत नाही. मराठी आणि उर्दू वरवर परक्या दिसतात, पण दोघींच्या क्रियापदांच्या मुळाशी गेलं की बहिणी निघतात. चेहऱ्यावरून नातं ओळखणं आणि रक्तावरून ओळखणं यात फरक राहणारच.

शिवनेरीच्या कड्यांवर वाढणाऱ्या शिंदळ माकुडीचं उदाहरण घ्या. निकोल डाल्झेल नावाच्या वनाधिकाऱ्याने जुन्नरच्या बाजूला ती 1860 च्या दशकात शोधली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या नावावरून तिला 'फ्रेरिया इंडिका' म्हटलं. तिच्यासाठी अख्खी वेगळी प्रजाती काढली, कारण तिच्या सगळ्या भावंडांना पानं जवळजवळ नसतातच, आणि हिला चांगली हिरवी पानं. पुढच्या शास्त्रज्ञांनी तिला कधी 'कॅरालुमा'त घातलं, कधी 'बुसेरोशिया'त. बिचारी तीच, दरवेळी शिधापत्रिकेवर नाव नवीन! पानांचं कोडं 1977 साली दोन जर्मन संशोधकांनी उलगडलं. पावसात तिची पानं साध्या झाडांसारखी दिवसा काम करतात. कोरडे दिवस आले की ती पानं टाकते आणि तिचं मांसल खोड निवडुंगासारखं रात्री हवा आत घेतं, म्हणजे दिवसाच्या उन्हात पाणी उडून जाणार नाही. एकाच झाडात दोन घरांच्या रीती. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणी ती तग धरून आहे.

आता नावांकडे येऊ, कारण आमचा शौक तोच.

एका गावचं नाव दुसऱ्या गावी चालत नाही. शंखपुष्पी घ्या. देशाच्या वेगवेगळ्या भागांत किमान चार निरनिराळ्या झाडांना शंखपुष्पी म्हणतात, कुठे गोकर्णीलाही. मुलाची स्मरणशक्ती वाढावी म्हणून आपण बाटली आणतो तेव्हा आत कोणती शंखपुष्पी आहे? हकीम-वैद्यांना ही अडचण फार जुनी. तेराव्या शतकातल्या इब्न अल-बैतारने म्हणूनच आपल्या औषधी ग्रंथात झाडांची वेगवेगळ्या भाषांतली नावं शेजारी-शेजारी दिली. तो स्पेनमधल्या मलागाचा, वारला दमास्कसमध्ये, 1248 साली. त्याचा शागीर्द इब्न अबी उसैबिया सांगतो की उस्तादांबरोबर आपण दमास्कसच्या बाहेर रानात जाऊन झाडं पाहिली. पुस्तक घरात आणि झाड रानात, हे दोघांनाही ठाऊक होतं. आम्ही मात्र सात वर्षांपूर्वी खुर्चीत बसून गुण दिले.

शास्त्रीय नावाचा फायदा हा की ते कुठेही गेलं तरी एकाच झाडाचं राहतं. आणि त्या नावात माणसंही राहतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवणारे, खंडाळ्याची झाडं पिंजून काढणारे स्पॅनिश पाद्री फादर सांतापाव यांच्या नावाची एक खरपुडी आहे, 'सेरोपेजिया सांतापावी'. सह्याद्रीच्या नावाची 'सह्याद्रिका'. आणि सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या डोंगरांवरची एक अत्यंत दुर्मीळ खरपुडी आहे, तिचं नाव 'सेरोपेजिया नूरजहानिए'. वाचून आम्ही दोनदा डोळे चोळले. आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात एक तरी नूरजहाँ खाला असतेच. पाचगणीच्या गवतातही एक आहे. लॅटिनची रीत अशी की पुरुषाच्या नावावरून जात ठेवली तर शेवटी 'ई' लागतो आणि बाईच्या नावावरून ठेवली तर 'ए'. म्हणून सांतापावी आणि नूरजहानिए. हे नाव देणारे एम. वाय. अन्सारी पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणात काम करत होते. भारतातल्या सेरोपेजियांवरचं त्यांचं स्वतंत्र पुस्तक 1984 साली निघालं आणि खरपुडी ओळखायची तर आजही त्याचा आधार घ्यावा लागतो. आपल्या मुलांना क्रिकेटपटूंची नावं पाठ असतात. हे एक नावही सांगून ठेवा.

पुण्याच्या त्या सर्वेक्षणाच्या संग्रहालयात वाळवलेल्या झाडांची पानं कपाटांतून रचलेली आहेत. साधारण 42 सेंटिमीटर लांब, 28 रुंद जाड कागद, त्यावर झाड, आणि उजव्या कोपऱ्यात खाली एक चिठ्ठी. खरा ऐवज ती चिठ्ठी असते. झाड कुठे मिळालं, कोणत्या तारखेला, किती उंचीवर, खडकात की गवतात, आजूबाजूला काय होतं, फुलाचा रंग कसा होता, कुणी गोळा केलं. रंग लिहावाच लागतो, कारण वाळल्यावर जांभळं आणि पिवळं दोन्ही तपकिरी होतं. थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ छापला, त्यात गावांची, घाटांची नावं आहेत. आज कुणी शास्त्रज्ञ तो घेऊन त्याच घाटात जातो आणि सांगू शकतो की हे झाड शंभर वर्षांपूर्वी इथे होतं, आता नाही. चिठ्ठीच नसती तर 'नाही' म्हणायलाही आधार उरला नसता.

आमच्या वहीतलं फूल चुरगळलेलं होतं, आणि खरपुडीच्या जाती ओळखायच्या त्या मुख्यतः फुलावरूनच. कंद उपटल्यामुळे ते झाड तर गेलंच. ते साधं होतं की दुर्मीळ, त्या वहीवरून कधीच कळणार नाही. यात त्या तेरा वर्षांच्या मुलीची काय चूक? तिने नानीचं ऐकून लिहिलं, तेवढं तरी लिहिलं. चूक आम्ही केली.

म्हणून गेल्या पावसाळ्यात आम्ही शाळेतली रीत बदलून घेतली. मुळासकट काही उपटायचं नाही. दाबायला टाकळा, आघाडा, घाणेरी एवढंच, जे रस्त्याच्या कडेला भरपूर आहे. रोज वर्तमानपत्राचा कागद बदलायचा, नाहीतर पावसाळी हवेत बुरशी धरते. बाकी सगळ्याचं चित्र काढायचं किंवा घरातल्या मोबाइलवर फोटो घ्यायचा. आणि चिठ्ठीत एक जास्तीची ओळ: 'हे नाव कुणी सांगितलं?' या ओळीमुळे काय झालं ते बघा. मुलं घरी जाऊन दादी-नानीला विचारू लागली. एका मुलाच्या दादीने सव्वीस रानभाज्यांची नावं सांगितली आणि त्यातल्या तीन कुणाच्याच माहितीच्या नाहीत. पालकांपैकी दोघांनी मात्र तक्रार केली की बाजारात तयार वही मिळते, मग मुलाला चिखलात कशाला पाठवता. त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

ती मुलगी आता नर्सिंगला आहे. सुट्टीत आली तेव्हा आम्ही तिला गाठलं. "बाई, अजून ती वही आहे?" म्हणून हसली. मग गप्प झाली. नानी तीन वर्षांपूर्वी गेल्या. जागा नक्की कुठली ते फक्त त्यांना माहीत होतं. तिच्या मामूंना एवढंच आठवत होतं की ईदगाहच्या मागच्या उतारावर बायका आषाढात काहीतरी खणायच्या.

ऑगस्टच्या एका रविवारी आम्ही गेलो. मामू, ती मुलगी, प्राध्यापक आणि आम्ही. निम्मा उतार नव्या रस्त्यासाठी कापलेला. उरलेल्या भागात गुडघाभर गवत, मधूनमधून डुकरांनी उकरलेले खड्डे. त्यांनाही हा कंद आवडतो. दीड तास काही दिसेना. आमचे गुडघे बोलू लागले होते. मग मुलीनेच खाली बसून हाक मारली. गवतासारखाच एक दांडा, तशीच अरुंद पानं, वीतभर अंतरावर दुसरा, थोडं वर तिसरा. फूल एकालाही नव्हतं. एकीला हिरवट कळी होती, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. प्राध्यापकांनी हात मागे बांधून घेतले, जणू चुकूनही स्पर्श व्हायला नको. पानांवरून दोन जाती संभवतात म्हणाले, नूरजहाँ त्यात नाही. नक्की काय ते फूल सांगेल.

मुलीने तिथेच, छत्रीखाली, चिठ्ठी लिहिली. गाव, तारीख, पश्चिमेकडचा उतार, मुरमाड जमीन, तीन झाडं, एक कळी. 'हे नाव कुणी सांगितलं' या ओळीपुढे तिने नानींचं पूर्ण नाव लिहिलं, मरहूमा लावून.

कळी उमलायला आठ-दहा दिवस लागतील असा अंदाज आहे. मामू रोज फजरनंतर तिकडून फेरी मारतात. फोटो जवळून कसा काढायचा, बोट कॅमेऱ्यावर कसं येऊ द्यायचं नाही, हे त्यांना शिकवून आलो आहोत. काल आलेल्या फोटोत अर्धं बोट आहे आणि कळी अजून बंद आहे.