पेशी कुणाच्या, पावडर कुठली?

‘अमुक वनस्पतीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मेल्या’ अशी बातमी अधूनमधून छापून येते आणि तिचे कात्रण घेऊन रुग्ण दवाखान्यात येतात. “डॉक्टर, मग आता ऑपरेशन कशाला?” असे विचारतात. मी त्यांना उलट दोन प्रश्न विचारतो. त्या पेशी कुणाच्या होत्या? आणि तुलनेसाठी घेतलेले औषध कुठून आणले होते?

वाचकहो, नव्या औषधाची पहिली चाळणी रुग्णावर होत नाही. ती होते प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशींवर. एका माणसाच्या शरीरातून घेतलेल्या आणि वर्षानुवर्षे वाढत राहणाऱ्या अशा पेशींच्या वंशाला ‘सेल लाइन’ म्हणतात. सर्वांत प्रसिद्ध सेल लाइन ‘हेला’. १९५१ साली अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, हेन्रिएटा लॅक्स या महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिची संमती न घेता या पेशी काढल्या गेल्या. त्यांची वाढ इतकी जोमदार, की शेतातल्या हरळीप्रमाणे त्या दुसऱ्या बाटलीत शिरल्या तर मूळच्या पेशींना हुसकून लावतात. अनेक सेल लाइन प्रत्यक्षात हेलाच आहेत, असे स्टॅन्ले गार्टलर या शास्त्रज्ञाने १९६६ साली दाखवून दिले.

आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग फार. त्याच्या संशोधनासाठी ‘केबी’ नावाच्या पेशी जगभर वापरल्या गेल्या. त्यासुद्धा हेलाच निघाल्या! म्हणजे औषध तपासले गर्भाशयमुखाच्या पेशींवर आणि निष्कर्ष काढला तोंडाच्या कर्करोगाचा. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

अँटिबायोटिकचेही तसेच. नवे जंतुनाशक औषध जुन्या, माहितीतल्या अँटिबायोटिकशेजारी ठेवून पारखतात. त्यासाठी मेडिकल स्टोअरमधली कॅप्सूल फोडून चालत नाही. तिच्यात औषधाबरोबर इतर भुकटीही असते आणि ती उन्हात राहिली की दमट कपाटात, हे कुणी सांगू शकत नाही. हवी ती किती मिलिग्रॅममध्ये नेमके किती औषध आहे हे प्रमाणित केलेली शुद्ध पावडर. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून असे संदर्भ नमुने मिळतात. तुलनेचे औषधच निकस असेल, तर नवे औषध उगाच बलवान दिसते. लंगड्या घोड्याशी शर्यत लावून जिंकण्यात कसला पराक्रम?

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की आपल्या फार्मसी व विज्ञान महाविद्यालयांनी मित्राच्या प्रयोगशाळेतून उसन्या बाटल्या आणण्याची सवय सोडावी. पेशींसाठी पुण्यातच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. जंतूंचे वाण चंदीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेच्या संग्रहातून मिळतात. पैसे लागतात, थांबावे लागते, हे मान्य. पण पेशींची डीएनए ओळख पटवल्याशिवाय आणि कोणती वस्तू कुठून आणली हे लिहिल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नये. वार्ताहरांनीही बातमी देण्यापूर्वी एवढे विचारावे.

आणि सगळे चोख असले तरी बशी म्हणजे माणूस नव्हे. बशीतल्या पेशी फिनेलच्या थेंबानेही मरतात. म्हणून आपण फिनेल पितो काय?

तेव्हा तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दोन आठवड्यांहून अधिक राहिली, तर कात्रण जपून ठेवू नका, डॉक्टरांना तोंड दाखवा. सांगितल्यास तुकडा तपासून घ्या. त्या तपासणीतल्या पेशी तुमच्याच असतात, हे विसरू नका.