आठशे मीटरची मर्यादा

पहाटे पाचच्या सुमारास धाराशिवहून तुळजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोलिस भरतीची तयारी करणारी तरुण मुले-मुली धावताना दिसतात. मुले रस्त्यावरचे दिवे संपले तरी पुढे निघून जातात. मुली मात्र घोळक्याने धावतात आणि शेवटच्या खांबापाशी माघारी वळतात. आठवड्याचा हिशेब मांडला तर मुलांचे अंतर दुपटीच्या घरात जाते. ‘शरीरप्रकृतीच तशी, त्याला कोण काय करणार?’ असा निर्वाळा आमच्या एका सहकाऱ्यांनी परवा प्राध्यापक-कक्षात दिला. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला इतका सोपा निष्कर्ष पचनी पडत नाही.

प्रकृतीचा भाग मुळीच नाही, असे नव्हे. चार मिनिटांत एक किलोमीटर या गतीने आठवड्याला १६० किलोमीटर धावणाऱ्या पुरुषाला ६४० मिनिटे लागतात. तेवढ्याच मिनिटांत चार मिनिटे चाळीस सेकंदांच्या गतीने धावणारी स्त्री सुमारे १३७ किलोमीटर धावते. अंतर तेवीस किलोमीटरांनी कमी, परंतु मैदानावर घालवलेला वेळ तोच. श्रम किलोमीटरांत न मोजता तासांत मोजले, तर फरकाचा बराचसा भाग नाहीसा होतो. शिवाय २००३ साली लंडनची मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत पूर्ण करणारी पॉला रॅडक्लिफ सरावात आठवड्याला दोनशेहून अधिक किलोमीटर धावत असे. दुपटीच्या तफावतीचे उत्तर शरीरशास्त्रात सापडणार नाही.

ते नियमांच्या इतिहासात सापडते. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटर शर्यत झाली. धावपटू कोसळल्याच्या अतिरंजित बातम्या वृत्तपत्रांनी छापल्या आणि ही शर्यत १९६० पर्यंत बंद राहिली. स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ साली आली, तर ३००० मीटर स्टीपलचेस थेट २००८ साली. त्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी, सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर रिओच्या ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. दार उघडण्याआधी तिच्या गावच्या मुलींची प्रकृती निराळी होती काय? आपल्याकडे तर कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरपर्यंतची चाळीसहून अधिक किलोमीटरांची वाट बायका पायी तुडवतात. त्या वेळी त्यांच्या प्रकृतीची चिंता कोणी वाहिल्याचे ऐकिवात नाही.

महाराष्ट्र पोलिस शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर आणि स्त्रियांना ८०० मीटर धावावे लागते. परीक्षा जेवढी मागते तेवढाच अभ्यास होतो, हे शिक्षकांना सांगायला नको. मुलींचा सराव निम्म्यावर थांबतो तो इथे. लष्करी पोलिस दलातील महिला अग्निवीरांच्या भरतीत मात्र अंतर पुरुषांइतकेच, १.६ किलोमीटर, ठेवून वेळ अधिक दिलेला आहे. जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेतही २०१७ पासून दोघांना दहा किलोमीटर धावावे लागते. पोलिस भरतीत हे करण्यास अडचण कोणती? स्त्रियांसाठी तीस टक्के जागा राखीव आहेत; तेथे मुलींची चढाओढ मुलींशीच असते.

एक आक्षेप मात्र खरा आहे. अंतर वाढले की सरावाला अधिक वेळ लागेल, आणि वेळ हीच तर मुलींजवळची सर्वांत दुर्मीळ वस्तू. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला २९९ मिनिटे घालवतात, पुरुष ९७. अंतर वाढवावे काय, असे मी वर्गातील एका विद्यार्थिनीला विचारले. ती म्हणाली, ‘वाढवा सर, पण नळाला पाणी यायच्या आत मला घरी पोचता आले पाहिजे.’ आहाराचे दुखणे आणखी निराळे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. खाणे तोकडे आणि धावणे जास्त झाले की मासिक पाळी थांबते, हाडे कमकुवत होतात. अशा मुलीला केवळ ‘अजून दोन फेऱ्या मार’ म्हणणारा प्रशिक्षक तिचे अहितच करतो.

म्हणून बदल एका शासकीय आदेशाने रातोरात नको. १६०० मीटरचे अंतर आणि स्त्रियांसाठीचे स्वतंत्र वेळेचे गुणपत्रक भरतीच्या किमान दोन वर्षे आधी जाहीर व्हावे, म्हणजे खासगी अकादमीचे शुल्क न परवडणाऱ्या मुलींनाही तयारीला अवधी मिळेल. त्या दोन वर्षांत तालुक्याच्या प्रत्येक मैदानावर पहाटे साडेचारपासून दिवे लावावेत, मुलींची हिमोग्लोबिन तपासणी ग्रामीण रुग्णालयांत मोफत व्हावी, आणि सकाळच्या सत्रात येणाऱ्या या मुलींची पहिल्या तासाची हजेरी महाविद्यालयांनी थोडी सैल हाताने घ्यावी. यातील शेवटची गोष्ट करायला तर आम्हा प्राध्यापकांना कोणाच्याही मंजुरीची वाट पाहण्याची गरज नाही.