टोकन नंतर, बेरीज आधी!

सध्या आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये क्रिकेटनंतर एकच टॉपिक हिट आहे... फ्लॅट! वीकेंड आला, की मंडळी निघाली सॅम्पल फ्लॅट बघायला. चकाचक किचन काय, गॅलरीतला झोपाळा काय, माणूस तिथेच अर्धा विरघळतो. मग गोड आवाजात प्रश्न येतो, ''मॅडम, टोकन किती देताय?''

बॉस, जरा दमानं! घराची सुरुवात सॅम्पल फ्लॅटपासून नाही, आपल्या पासबुकापासून होते.

माझंच गणित सांगते. पुण्यात बांधकाम चालू असलेला 80 लाखांचा टू बीएचके. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांचं कर्ज हवं असेल, तर घराच्या किमतीच्या फार तर 80 टक्के मिळतात. म्हणजे बँकेचे 64 लाख, माझे 16. संपलं? छे! पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के. मी एकटीच्या नावावर घेतलं तर बाई म्हणून 1 टक्का सूट, तरी 4 लाख 80 हजार. नोंदणीचे 30 हजार. ही रक्कम कर्जात धरत नाहीत. वर 5 टक्के जीएसटीचे 4 लाख. पार्किंग, फर्निचर सोडून माझ्या खिशाची तयारी हवी 25 लाखांची!

आकडा ऐकून बाबा म्हणाले, ''माझा पीएफ आहे ना, घे त्यातून.'' आईचं म्हणणं, ''लग्नानंतर दोघं मिळून घ्या की.'' दोघांची माया कळते हो. पण बाबांचा पीएफ म्हणजे त्यांचं म्हातारपण. ते गहाण टाकून माझ्या घराला दार लावायचं? नाही जमणार. आणि घरासाठी नवऱ्याची वाट बघणं, तेही नाही!

म्हणून सध्या हप्त्याची रंगीत तालीम चालू आहे. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 64 लाखांचा हप्ता येतो साधारण 55,500. त्यातून आत्ताचं 18 हजार भाडं वजा केलं, की उरतात 37,500. पगार झाला, की तेवढे सरळ वेगळ्या खात्यात. वर्षाला साडेचार लाख जमतात, आणि गोव्याची ट्रिप रद्द करताना किती दुखतं तेही कळतं. तालमीतच दम लागला, तर स्वस्त घर शोधायचं. सिंपल!

तोवर फुकटातला अभ्यास करा. प्रोजेक्टचा महारेरा नंबर टाकून साइटवर मंजूर नकाशे आणि ताब्याची तारीख बघा. भाव कार्पेट एरियावर काढा. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे पाठच करून ठेवा.

बाबांना सांगून टाकलंय, पीएफला हात लावायचा नाही. तुम्ही फक्त दारावरच्या पाटीचं अक्षर पसंत करा. नाव माझंच असेल!