उरलेल्या पाण्यावरची बदकं

हिवाळ्यात ओकलंडच्या लेक मेरिटवर बदकांची दाटी होते आणि डोंगरातल्या एखाद्या खोल, काचेसारख्या जलाशयावर मोजकीच दिसतात. स्वच्छ ते चांगलं, हा आपला हिशेब, बदकांचा वेगळा. शेपटी वर करून चरणाऱ्या तलवार बदकाला मान पोचेल एवढंच, वीत-दीड वीत पाणी हवं आणि खाली बी-दाणा. बुडी मारणाऱ्यांना जास्त खोल चालतं, पण तळाशी शिंपले-किडे पाहिजेत. पाणी गोठता कामा नये. आणि सारखं कुणी उठवायला नको, कारण थंडीत प्रत्येक उड्डाणात खाल्लेलं जळतं. काठ उभा, तळ अंधारा असलेलं तळं म्हणजे रिकामं ताट. भिगवणला उजनीच्या उथळ फुगवट्यावर गर्दी होते तीही म्हणूनच.

पण हे झालं निसर्गाचं. पक्षी कुठे उतरणार हे पुष्कळदा माणसांचे कायदे ठरवतात, आणि गंमत म्हणजे ते पक्ष्यांसाठी केलेले असतातच असं नाही. लेक मेरिटला १८७० मध्ये संरक्षण मिळालं. देशातलं ते पहिलं अधिकृत अभयारण्य मानतात. त्यामागचे डॉ. सॅम्युएल मेरिट काठच्या जमिनीचे मालक होते. दारात बंदुका वाजत असतील तर प्लॉट कोण घेणार?

दुसरं उदाहरण सॅक्रामेंटो खोऱ्यातलं. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातली ९० टक्क्यांहून अधिक पाणथळ जमीन कधीच गेली. १९९१ च्या कायद्याने भाताचा पेंढा जाळण्यावर टप्प्याटप्प्याने बंधनं आली, धुरामुळे. मग शेतकरी पेंढा कुजावा म्हणून कापणीनंतर शेतात पाणी सोडू लागले. उथळ पाणी, सांडलेला दाणा: लाखो बदकं आणि हंस तिथे उतरतात.

माझा आक्षेप इथेच आहे. हे सगळं उरलेल्या पाण्यावर चाललंय. २०२२ च्या दुष्काळात राज्यातली जवळपास निम्मी भातशेती पडीक राहिली. अशा वेळी पक्षी उरल्यासुरल्या डबक्यांत दाटीवाटीने कोंबले जातात आणि रोगराई पसरायला वाव मिळतो. १९९२ च्या केंद्रीय कायद्याने खोऱ्यातल्या अभयारण्यांना पाण्याचा वाटा लिहून दिला, पण तो पुरता कधी पदरात पडत नाही.

'आधी माणसं, मग बदकं' असं आपल्यातलेच पुरोगामी मित्र म्हणतात. मान्य. पण कॅलिफोर्नियात माणूस वापरतो त्यातलं सुमारे ८० टक्के पाणी शेतीला जातं, आणि त्यात मोठमोठ्या कंपन्यांच्या बदामाच्या बागाही आल्या. २०१४ मध्ये ईस्ट पोर्टरव्हिल या गरीब वस्तीतल्या शेकडो घरांच्या विहिरी आटल्या. त्या काही बदकांनी पिऊन संपवल्या नव्हत्या. तेव्हा पाणीवाटपाच्या सुनावणीत नळ आणि तळं यांची झुंज लावू नका, दोघांचा वाटा एकाच अर्जात मागा.