मढ्याच्या टाळूवरचे लोणी

दिवाळीच्या अंकात मढ्याचे नाव काढू नये, एवढा पोच मला आहे. वाचकांच्या एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात हा अंक असणार, हेही मी जाणतो. पण ही म्हण काही मी उकरून काढलेली नाही. पोलादपुराजवळच्या आमच्या गावात एका चौतीस वर्षांच्या माणसाचे तेरावे झाले, त्या दिवसापासून ती लोकांच्या तोंडी आहे. आणि ज्यांच्या तोंडी आहे ते सर्व लोक सज्जन, देवभीरू आणि घरी आकाशकंदील लावणारे आहेत. तेव्हा हा विषय काढण्याचा दोष निम्मा त्यांच्याही पदरात टाकतो आणि पुढे जातो.

हकीकत थोडक्यात सांगतो. आंबेनळीच्या घाटात एका वळणावर वरून उतरणारा मालट्रक आणि खालून चढणारा छोटा टेंपो यांची टक्कर झाली. टेंपो चालवणारा आमच्या गावचा. हंगामात महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरी खाली आणावी, एरवी कुणाचे सिमेंट, कुणाच्या लग्नाची भांडी वाहावी, असा त्याचा धंदा. मागे बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. बायकोने भरपाईचा दावा केला, न्यायाधिकरणाने रक्कम ठरवली, आणि ती कमी पडते म्हणून आता तिने वर अपील करावे की न करावे, हा प्रश्न निघाला. निघाला म्हणजे गावाने काढला. “मिळाले ते काय थोडे? आणखी मागणे म्हणजे मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे!”

मी वकील नव्हे. महाडात वकिलांच्या हाताखाली तीस वर्षे कारकुनी केली, एवढाच माझा अधिकार. पण त्या तीस वर्षांत असल्या दाव्यांच्या नकला मी इतक्या केल्या आहेत, की माणसाची किंमत कशी ठरते हे मला पाठ आहे. ते गणित मी येथे मांडून दाखवतो. वाचकांनी कंटाळा करू नये. किराण्याच्या यादीहून ते अवघड नाही.

मयताचे वय चौतीस. या वयाला गुणक १६. हा आकडा कुणा न्यायाधीशाच्या लहरीतून आलेला नाही. सरला वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली वयोमानाप्रमाणे कोष्टकच घालून दिले. त्याआधी एकाच वयाच्या दोन माणसांना दोन न्यायालयांत दोन भाव मिळत. पुढे २०१७ साली प्रणय सेठी खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ठरवले की, माणूस जगता तर त्याची कमाई वाढती, तेव्हा स्वतःचा धंदा करणारा चाळिशीच्या आतला असेल तर कमाईत शेकडा ४० वाढ धरावी. मग तो स्वतःवर जो खर्च करता तो वजा करायचा. घरात चार माणसे त्याच्यावर अवलंबून असतील तर एक चतुर्थांश. अंत्यविधी, मालमत्तेची हानी आणि नवरा गेल्याची हानी, यांचे मिळून ७०,००० रुपये. (या शेवटच्या बाबीचे ४०,००० रुपये त्यांत धरलेले आहेत. यावर मी काही बोलत नाही.)

आता आमच्या गड्याची कमाई किती? त्याच्या वहीप्रमाणे महिन्याला सरासरी बारा हजार. पण वहीला सही नाही, शिक्का नाही, आयकराचे विवरणपत्र तर नाहीच. सबब न्यायाधिकरणाने अंदाजाने ८,००० धरले. त्यांत ४० टक्के वाढ, ११,२००. चौथा हिस्सा वजा, ८,४००. वर्षाचे १,००,८००, गुणिले १६, म्हणजे १६,१२,८००. वरचे ७०,००० धरून १६,८२,८००. येथवर ठीक. पण पोलिसांच्या कागदांत दोन शब्द होते: ‘समोरासमोर धडक’. समोरासमोर म्हणजे दोघेही चुकले. दोघेही चुकले म्हणजे निम्मा दोष मयताचा! तेव्हा रक्कम निम्मी: ८,४१,४००. वरती व्याज.

वही खरी धरली असती आणि दोष ट्रकवाल्याचा धरला असता, तर याच कोष्टकाने २४,८९,२०० झाले असते. म्हणजे एक न टिकलेली वही आणि दोन शब्द, यांची किंमत १६,४७,८०० रुपये. हे लोणी कुणाच्या टाळूवरचे, ते गावाने मला सांगावे.

ज्याने घाट पाहिला आहे त्याला ‘समोरासमोर’ या शब्दाचे हसू येईल. पोलादपूर सोडून प्रतापगडाकडे चढू लागले की एका अंगाला दरड आणि दुसऱ्या अंगाला दरी. समोरासमोर येण्यावाचून गाड्यांना दुसरी गतीच नाही! प्रश्न असतो तो, थांबावयाचे कुणी. त्याचे उत्तर कायद्यात आहे. अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्या गाडीने बाजूला थांबून चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी, असा नियम १९८९ च्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेला होता. आमचे जुने ड्रायव्हर तो न वाचताही पाळत, कारण चढणीवर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणे म्हणजे काय, हे त्यांच्या पायांना ठाऊक असे. टेंपो चढत होता. ट्रक उतरत होता. पंचनाम्याच्या नकाशात टेंपो दरडीला घासलेला दाखवला आहे. यापेक्षा बाजूला तो कोठे जाणार होता? डोंगरात? एवढा मुद्दा ज्या निकालात विचारात घेतलेला नाही, त्या निकालावर अपील करणे हा लोभ असेल, तर शाळेत चुकीची बेरीज गुरुजींना दाखवणे हाही लोभच म्हटला पाहिजे.

आमच्या गावातले एक पेन्शनर गृहस्थ, माणूस विद्वान, मला म्हणाले, “तात्या, कायदा राहू द्या. पण माणूस गेल्यावर त्याचे पैसे करणे आपल्या संस्कृतीत बसत नाही.” त्यांना मी विचारले की, २०१८ च्या २८ जुलैला याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, तीस माणसे गेली, एकच वाचला, त्या घरांना सरकारी मदत जाहीर झाली तेव्हा संस्कृती आड आली होती काय? २०१६ साली २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्रीचा जुना पूल एस. टी.च्या दोन गाड्यांसकट वाहून गेला, तेव्हा? ते म्हणाले, “ती दुर्घटना होती.” म्हणजे तीस गेले तर दुर्घटना, आणि एक गेला तर त्याचे नशीब! घरात चूल विझते ती एकाच माणसाने विझते, हे त्या गृहस्थांना कळत नाही असे नाही. त्यांना पंगतीत बसून बोलायला एक म्हण हवी असते, इतकेच.

दुसरे एक सद्गृहस्थ अमेरिकेत आहेत, गणपतीला येतात. त्यांचे म्हणणे उलटे. तिकडे म्हणे ट्रकच्या अपघाताचा दावा ज्यूरीपुढे चालतो, आणि ज्यूरीची बारा माणसे रडून कोट्यवधी डॉलर देतात. आपल्याकडे ज्यूरी हवी होती. मी त्यांना म्हटले, आपल्याकडे फौजदारीत ज्यूरी होती, आणि १९५९ साली नानावटी खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी तिने जो कौल दिला तो उच्च न्यायालयाने फिरवला. त्यानंतर ज्यूरी आपल्याकडे फार दिवस टिकली नाही. आणि तिकडे तरी ज्यूरीने दिलेले सगळे पदरात पडते काय? १९९२ साली एका एकोणऐंशी वर्षांच्या बाईला उपाहारगृहाच्या कढत कॉफीने मांडीवर खोल भाजले. तिने औषधपाण्यापुरते मागितले, कंपनीने ८०० डॉलर देऊ केले. ज्यूरीने सुमारे २८ लाख ६० हजार डॉलर दिले, न्यायाधीशाने ते ६ लाख ४० हजारांवर आणले, आणि दोन्ही पक्षांनी शेवटी आपसात मिटवले. पण ‘कॉफी सांडली आणि करोडपती झाली’ म्हणून त्या म्हातारीची जगभर टिंगल झाली ती झालीच. म्हणजे टाळूवरच्या लोण्याची म्हण इंग्रजीत नसली, तरी ती म्हणणारी तोंडे तिकडेही आहेत.

आता दुसरी बाजू पाहा. समजा, न्यायाधिकरणाने पूर्ण २४ लाख दिले असते. विमा कंपनी काय करती? अपील! तिला तो अधिकारच आहे. निकालापासून नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात जावे, २५,००० रुपये किंवा रकमेच्या निम्मे, यांत जे कमी ते भरावे, की अपील दाखल. हा २५,००० चा आकडा १९८८ च्या कायद्यातला. तेव्हापासून ट्रक महागले, डिझेल महागले, चकलीची भाजणीसुद्धा महागली. हा आकडा मात्र जागचा हलला नाही. स्थगिती हवी असेल तर न्यायालय अधिक रक्कम भरायला लावते, हे मी नाकारत नाही. पण तीस वर्षांत कंपनीने केलेल्या अपिलाला कुणी मढ्याच्या टाळूवरचे लोणी म्हटल्याचे मी ऐकले नाही. ती कंपनीची ‘रीतसर कारवाई’ असते. तिच्या पदरी वकिलांची फौज असते, त्यांना फी मिळते, अपील वर्षानुवर्षे पडून राहते, तोवर मुलगा दहावीतून आयटीआयला जातो. आणि हे सगळे रीतसर. कोष्टक तेच, कलम तेच, नव्वद दिवस तेच. विधवेने केले की तेवढे लोणी!

शिवाय हे पैसे कंपनीच्या पदरचे दान नव्हेत. रस्त्यावर गाडी आणणाऱ्याने तिसऱ्या माणसासाठी विमा उतरवलाच पाहिजे, असा कायदा आहे. माझ्या जुन्या स्कूटरचा हप्ता मी भरतो तो याचसाठी. तो हप्ता गोळा झाला तो आमच्या गावच्या माणसासारख्यांसाठीच झाला. कायद्यातला शब्द ‘न्याय्य भरपाई’ असा आहे. आणि मागितल्यापेक्षा अधिक न्याय्य ठरत असेल तर अधिकही द्यावे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितले. न्यायालय अधिक द्यायला तयार, आणि गाव कमी घ्यायला सांगते! उदारपणा करावा तर स्वतःच्या पैशाने करावा. दुसऱ्याच्या पोरांच्या पैशाने तो फार सोपा जातो.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. लोकांचा निम्मा राग वकिलांवर असतो, आणि तो अगदीच निराधार नाही. रकमेत टक्केवारी ठरवणारे महाभाग मी पाहिले आहेत. पण त्यालाही उपाय आहे, आणि तो फुकट आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला तिचे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, अपिलालासुद्धा. हे आमच्या पंचक्रोशीत किती जणींना माहीत आहे? म्हण मात्र सगळ्यांना तोंडपाठ!

त्या बाईचे मला सर्वांत वाईट वाटले ते असे, की तिलाही ती म्हण पटू लागली होती. एकदा निकालाची नकल घेऊन आली, ओसरीवर बसली, आणि म्हणाली, “तात्या, आमचे भावोजी म्हणतात, आता पुरे. लोक तोंडावर बोलत नाहीत, पण पाणवठ्यावर गेले की गप्प होतात.” मी तिला वरचे सगळे गणित पाटीवर मांडून दाखवले. तिने ते लक्ष देऊन पाहिले. ती सातवी शिकलेली आहे. भागाकार तिला माझ्यापेक्षा लवकर येतो. मग तिने एकच विचारले. “म्हणजे चूक त्यांची नव्हती, असे कागदावर येईल का?”

पैशांचा आकडा तिने विचारलाच नव्हता. नवरा गेला तो स्वतःच्या निम्म्या चुकीने गेला, असे सरकारी शिक्क्यानिशी लिहिलेला कागद घरात आहे. मुले उद्या मोठी होऊन तो वाचतील, हे तिला सोसत नव्हते. तिचे धाकटे पोर अजून घाटातल्या त्या वळणाला ‘बाबांचे वळण’ म्हणते.

येईल, असे मी छातीठोकपणे सांगितले नाही. येऊ शकेल, म्हणालो. नव्वदांपैकी एकाहत्तर दिवस तोवर लोणीपुराण ऐकण्यात गेले होते. बहात्तराव्या दिवशी सकाळी ती पोलादपूरच्या गाडीने महाडला आली. बरोबर सासू होती. सासूने कुणालाही न विचारता वहीचा तो गठ्ठा लाल फडक्यात बांधून आणला होता. वकिलातनाम्यावर सुनेने सही केली, सासूने अंगठा दिला. अपील मुंबईला दाखल झाले आहे. अजून बोर्डावर आलेले नाही.