नातं विचारलं तर मित्रच सांगा



अपघात झाला की गाव धावतं, याबद्दल आमची तक्रार नाही. जीप मिळते, वर्गणी निघते, रक्त द्यायला पोरं रांग लावतात. आमचं म्हणणं निराळं आहे. पहिल्या तासात काय करायचं हे धावणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि दुसऱ्या महिन्यात धावणारा कुणी उरत नाही. पहिल्या तासापासून शेवटपर्यंत जो एक माणूस अडकून पडतो तो जखमीचा मित्र. बापाला रडायला मोकळीक असते, मित्राला तीही नसते. त्याच्याविषयी कुठं लिहून येत नाही, म्हणून आज हा प्रपंच.

आपल्या कार्यक्षेत्रातली बरीच पोरं सध्या ठाणे जिल्ह्यात भिवंडीकडं आहेत. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, मानकोली या पट्ट्यातल्या गोदामांत माल चढवायचा, मोजायचा, पोचवायचा. राहायला कुणी कल्याणच्या अंगाला, तर कुणी भिवंडी-कल्याण रस्त्यावर टेमघरला खोली करून. एका खोलीत चार-पाच जण आणि दोघांत मिळून एक मोटारसायकल. जवळच राजनोली नाक्यावर मुंबई-नाशिक महामार्ग आडवा जातो आणि रात्रभर ट्रेलर-कंटेनरची रीघ असते. पावसाळ्यात खड्डा कुठला आणि रस्ता कुठला हे पाण्याखाली समजत नाही.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका खोलीतल्या आपल्या भागातल्या पोराची गाडी रात्रपाळीहून येताना टेमघरच्या अलीकडं खड्ड्यात गेली. मागं बसलेला मित्र खरचटण्यावर निभावला. चालवणाऱ्याची मांडी मोडली, डोक्यालाही मार. रिक्षात घालून जवळचा दवाखाना गाठला. काउंटरवर पहिला प्रश्न आला, "पेशंटचे कोण तुम्ही?" मित्रानं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "भाऊ." दोघांची आडनावं वेगळी, पण भावना खरी. झालं! भाऊ म्हटल्यावर आधी डिपॉझिट भरा, इथं सही करा, तिथं सही करा. त्या पोरानं रात्री दोन वाजता गावाकडं सात ठिकाणी फोन करून पैसे गोळा केले, आणि तोवर जखमी स्ट्रेचरवर तसाच.

त्या पोराला आम्ही दोष देत नाही. आपल्याकडं मित्राला भाऊच म्हणतात. पण कायद्याच्या दृष्टीनं तिथं 'मित्र' हा शब्द जास्त कामाचा होता. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यासाठी केंद्र सरकारनं 2015 साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सर्वोच्च न्यायालयानं 30 मार्च 2016 रोजी त्यांना आपल्या आदेशाचं बळ दिलं. त्यात साफ म्हटलंय की जखमीला घेऊन येणाऱ्याला थांबवून ठेवायचं नाही आणि त्याच्याकडं दाखल करण्याचा खर्च मागायचा नाही. अपवाद एकच, तो जखमीचा कुटुंबीय किंवा नातेवाईक असेल तर. म्हणजे तोंडातून 'भाऊ' निघालं की ते संरक्षण आपण आपल्या हातानं सोडतो! तेव्हा पोरांनो, नातं विचारलं तर मित्रच सांगा. सहीसाठी घरच्यांना फोन लावून द्या. जीव वाचवायच्या उपचारांना सहीची वाट बघायची नसते, हे डॉक्टरांनाही ठाऊक असतं.

हे संरक्षण फुकट मिळालेलं नाही. एका स्कूटरवाल्याला भरधाव मोटारीनं उडवलं. एका वाटसरूनं त्याला उचलून जवळच्या इस्पितळात नेलं. तिथं सांगितलं, ही पोलीस केस आहे, वीस किलोमीटरवरच्या अमक्या इस्पितळात न्या. तो वाटेतच गेला. वर्तमानपत्रातली ही बातमी घेऊन परमानंद कटारा हे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट 1989 मध्ये निकाल लागला : सरकारी असो की खाजगी, प्रत्येक डॉक्टरनं आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे कागद मागाहून. पुढं दिल्लीत पीयूष तिवारी यांचा चुलतभाऊ 2007 साली रस्त्यावर जखमी होऊन पडला, लोक बघत राहिले आणि तो दगावला. तिवारींनी सेव्हलाइफ फाउंडेशन काढली. वर सांगितलेला 2016 चा आदेश तिच्याच याचिकेवरचा. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 134 'अ' आलं. त्यानुसार चांगल्या हेतूनं मदत करताना काही कमीजास्त झालं तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. "मदत केली तर पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतात" हे पारावरचं वाक्य आता जुनं झालं. कुणी बसवलंच तर हे कलम तोंडावर सांगावं.

आता पहिल्या तासाचं. कायद्यातही या तासाला 'गोल्डन अवर' असंच नाव दिलंय. गावाकडं आम्ही एक प्रकार डोळ्यांनी पाहतो, तो बंद झाला पाहिजे. गाडी लवकर मिळत नाही म्हणून जखमीला दुसऱ्या मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेतात. मान एकीकडं लोंबते, पाय एकीकडं. मणका मोडलेला असेल तर त्या पाच किलोमीटरात माणूस जन्माचा अंथरुणाला खिळतो, आणि मान पुढं पडून श्वास कोंडला तर त्याहून वाईट. त्यापेक्षा 108 ला फोन लावा. ही रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून आहे आणि तिला पैसे द्यावे लागत नाहीत. ती लांब असेल तर ट्रॉली, टेम्पो काहीही आडवा, पण माणूस पाठीवर सरळ निजवून आणि मान धरून न्या. त्याला उलटी होऊ लागली तर डोकं, मान, धड एकदम कुशीवर वळवा. हेल्मेट ओढून काढू नका. श्वास अडत असेल तरच, एकानं मान धरायची आणि दुसऱ्यानं हळू काढायचं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं घट्ट दाबून ठेवा. हळद, माती, चहापत्ती काही नको. आणि पाणी पाजू नका. आपल्या माणसानं पाणी मागितलं आणि दिलं नाही ही गोष्ट मनाला लागते, आम्हाला कळतं. पण बेशुद्ध होणाऱ्याच्या घशात ते पाणी श्वासनळीत जातं, आणि पुढं भूल द्यायलाही अडचण.

डोक्याच्या माराचं आणखी एक. माणूस उठून बसतो, हसतो, "मला काय झालं नाही" म्हणतो आणि गाडी सरळ करून घरी जातो. आत रक्त साचत असतं. तीन-चार तासांनी उलटी, बरळणं, गुंगी, एका डोळ्याची बाहुली मोठी, असं काही दिसलं की एक मिनिट दवडायचं नाही. म्हणून डोकं आपटलेल्या मित्राला दाखवून आणावं, आणि डॉक्टरांनी घरी सोडलं तरी त्या रात्री एकटं निजू देऊ नये. मधूनमधून उठवून नाव विचारावं. शिव्या दिल्या तर समजावं, ठीक आहे.

पैशाचं बोलू. मे 2025 पासून केंद्राची विनारोकड योजना लागू झाली आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार, योजनेतल्या इस्पितळात. शिवाय राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, तिला रेशनकार्ड लागतं. घरातल्या माणसानं एक काम करावं : रेशनकार्ड, आधार, लायसन, गाडीचा विमा या सगळ्यांचे फोटो आपल्या आणि जवळच्या मित्राच्या मोबाइलवर ठेवावेत. रात्री दोन वाजता ट्रंक उघडायला कुणी नसतं.

विम्यात एक मेख आहे. आपण मोटारसायकल एकमेकांना कुदळ-फावड्यासारखी देतो. "जरा गाडी घेऊन जातो," म्हटलं की किल्ली हातात. पण थर्ड पार्टी विमा दुसऱ्याचं नुकसान भरून देतो, चालवणाऱ्याचं स्वतःचं नव्हे. त्यासोबत जो पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घेतात तो मालक स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडं लायसन असेल तर. उसनी गाडी घेऊन जाणारा मित्र खड्ड्यात पडला तर दोन्हीकडून कोरडा राहू शकतो. किल्ली देताना लायसन विचारलं म्हणून मैत्री तुटत नाही.

समोरच्या वाहनानं उडवलं असेल तर जागेवर दहा-वीस हजारांत मिटवून टाकण्याची घाई करणारे मध्यस्थ नाक्यावर हजर असतात. मित्रानं तिथं ठाम राहावं. गाडीचा नंबर, जागेचे फोटो, पोलीस फिर्यादीची प्रत, प्रत्येक बिल एका पिशवीत ठेवावं. भरपाईचा दावा अपघात जिथं झाला तिथंच लावावा लागतो असंही नाही. भिवंडीला अपघात झाला तरी जखमी जिथं राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायाधिकरणात दावा चालतो. दुरुस्त कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे, पण त्या भरवशावर बसू नये. आणि उडवून पळून गेला असेल तरी हात टेकू नयेत. 1 एप्रिल 2022 पासूनच्या अपघातांना अशा वेळी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात.

एवढं झालं की बाकी राहतो तो दुसरा महिना. मांडी मोडलेला माणूस तीन-चार महिने उठत नाही. भेटायला येणारे नारळपाणी आणि सफरचंदं आणतात, तासभर बसतात, "काळजी घ्या" म्हणून जातात. पाण्याची पाळी मात्र कुणासाठी थांबत नाही. लाईट रात्री अकराला येते, मोटर कोण चालू करणार? खताची मात्रा, भरणी, सोसायटीचा हप्ता, पोराची फी? ज्यानं या चार गोष्टींपैकी एक न सांगता उचलली त्यानं सफरचंदांच्या दहा पेट्यांपेक्षा जास्त दिलं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणि इथं कारखान्याचाही संबंध येतो. सभासद अंथरुणावर आणि त्याच्या उसाची तोड आली. टोळी फडावर येते, मुकादमाशी बोलायला मालक नाही, वाट नीट केलेली नाही, म्हणून टोळी पुढच्या फडात जाते. मग नंबर कधी लागेल ते लागेल. ऊस वाळतो, वजन घटतं, खोडव्याला उशीर होतो. एका अपघाताची किंमत अशी दोन हंगाम मोजावी लागते. काहीजण म्हणतील, तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेनं, त्यात दयामाया घुसवली की उद्या जो तो दाखला घेऊन उभा राहील. या म्हणण्यात तथ्य आहे. नंबर पुढं ओढावा असं आम्ही म्हणतच नाही. आलेला नंबर चुकू नये, एवढंच. त्यासाठी जखमी सभासदानं लेखी नेमलेल्या मित्राला फडावर उभं राहण्याचा, वजनकाट्यावर स्लिप घेण्याचा अधिकार गट कार्यालयानं मान्य करावा. बिल अर्थातच सभासदाच्या खात्यावर. घरची माउली असेल तर अधिकार तिचाच पहिला. पण तान्हं पोर आणि दवाखान्याच्या खेपा यांत तिनं रात्री ट्रॉलीच्या मागं हिंडावं हे बरं दिसत नाही.

यासाठी संचालक मंडळापुढं ठेवायचा अर्ज आम्ही तयार करत आहोत. ज्यांच्या घरी गेल्या दोन हंगामांत असा प्रसंग येऊन तोड चुकली असेल त्यांनी गट नंबर, लागणीची तारीख आणि प्रत्यक्ष तोडीची तारीख लिहून आपल्या चिटबॉयकडं द्यावी. तारखा नसतील तर अर्जाला जोर येणार नाही.