इम्प्लांटनंतरची सूज आणि घराजवळचा दवाखाना

कर्करोगामुळे स्तन काढल्यावर त्या जागी सिलिकॉनचे इम्प्लांट बसवण्याची शस्त्रक्रिया उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूरच्या अनेक स्त्रिया परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या मुंबईतील संस्थांत करून घेतात. परंतु नंतरच्या सुजेचा बहुतेक काळ घरीच जातो, आणि बदलापूर ते परळ हे सुमारे ६० किलोमीटरचे अंतर ओल्या जखमेनिशी लोकलच्या गर्दीतून कापणे अवघड असल्याने सुजेविषयीचा पहिला प्रश्न घराजवळच्या डॉक्टरला, परिचारिकेला किंवा औषधविक्रेत्यालाच विचारला जातो. त्या प्रश्नाला केवळ गोळी लिहून देणे हे उत्तर अपुरे आहे.

शस्त्रक्रियेत सूक्ष्म रक्तवाहिन्या तुटतात, भोवतालच्या केशिकांतून द्रव ऊतींत झिरपतो आणि त्यामुळे सूज साधारणपणे ४८ ते ७२ तासांत सर्वांत जास्त होते. पुढे दोन-तीन आठवड्यांत ती बरीच ओसरते, तरी उरलेला फुगवटा काही महिने राहू शकतो. साकळलेल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे विघटन होताना त्वचेचा रंग जांभळ्यावरून हिरवट आणि मग पिवळा होत जातो, आणि गुरुत्वाकर्षणाने तो डाग पोटाच्या वरच्या भागापर्यंत उतरला तरी ते बिघाडाचे लक्षण नसते, हे रुग्णेला आधीच सांगितलेले असावे.

घरातील काळजीत पाठीखाली उशा देऊन धड उंच ठेवून झोपणे, तारेविरहित आधार देणारी ब्रा वापरणे, पाण्याने भरलेली बादली न उचलणे आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे यांना महत्त्व आहे. मिशरीची चौकशी मात्र मुद्दाम करावी लागते, कारण तंबाखू ओढत नसलेली स्त्री मिशरी लावत असेल तर निकोटिन तिच्याही रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि आधीच पातळ झालेल्या त्वचेचा रक्तपुरवठा घटवते. त्याच त्वचेची संवेदना बधिर झालेली असते, म्हणून गरम पाण्याच्या पिशवीचा शेक किंवा थेट ठेवलेला बर्फ भाजल्याचे कळू न देता इजा करतो. पुनर्रचना केलेल्या स्तनावर तर दोन्ही टाळणेच हिताचे. हळदीचा लेप आणि तेलमालीश यांमागची घरच्यांची माया समजून घ्यावी, पण टाक्यांवर ते होऊ देऊ नये.

सूज उतरवणारी म्हणून सर्रास लिहिली जाणारी सेराशिओपेप्टिडेज ही विकराची, म्हणजे एन्झाइमची, गोळी जपानमध्ये नव्या चाचण्यांत निष्प्रभ नकली गोळीपेक्षा सरस न ठरल्याने टाकेडा कंपनीने २०११ मध्ये तेथील बाजारातून मागे घेतली. अशा गोळीचा भार रुग्णेवर टाकण्यास सबळ आधार दिसत नाही. वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरेसे असताना अ‍ॅस्पिरिन किंवा डायक्लोफेनॅक शल्यचिकित्सकाला विचारल्याशिवाय देऊ नये, कारण ती रक्तबिंबिकांचे काम रोखतात. हृदयविकारासाठी चालू असलेले अ‍ॅस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नये.

खरे कौशल्य हिमॅटोमा, म्हणजे इम्प्लांटभोवती साठणारे रक्त, वेळीच ओळखण्यात आहे. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेत दोन्ही बाजूंची तुलना करता येते. पुनर्रचनेत बहुधा एकाच बाजूला काम झालेले असल्याने तिची तुलना तिच्याच काही तासांपूर्वीच्या स्थितीशी करावी लागते, यासाठी सुजेच्या कडेवर पेनाने खूण करून वेळ लिहिणे ही साधी पद्धत उपयोगी पडते. पहिल्या काही दिवसांत स्तन ताठ, चकचकीत होऊन वेदना झपाट्याने वाढली, किंवा ड्रेनमध्ये, म्हणजे साठलेला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीत, ताजे लाल रक्त आले, तर सकाळची वाट पाहू नये; नळी कोरडी असूनही सूज वाढत असेल तर ती तुंबल्याची शंका घ्यावी, केवळ ‘आता ड्रेन थांबला’ म्हणून समाधान मानू नये. ताप आणि पसरणारी लाली ही जंतुसंसर्गाची खूण असते. अशा रात्री कोणाला फोन करायचा, हे मुंबईच्या डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहिलेले असावे, अशी मागणी स्थानिक डॉक्टरांनी संबंधित रुग्णालयांकडे संघटितपणे करणे आवश्यक आहे.

वर्षानंतर अचानक आलेली सूज ही निराळी बाब आहे: ती खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी निगडित असलेल्या, लसिकाग्रंथींच्या दुर्मीळ कर्करोगाची असू शकते, म्हणून सुजेत साठलेल्या द्रवाची पेशीतपासणी व त्या कर्करोगाच्या पेशी ओळखण्यासाठीची सीडी३० चाचणी झाल्याशिवाय रुग्णेला सूज कमी करण्याचे औषध देऊन घरी पाठवू नये.